हेडफोन ‘कनेक्टेड’ आहे, मग आवाज अडलाय कुठं?

सोलापूर स्टँडवर पुण्याची गाडी फलाटाला लागली म्हणून तुमची पिशवी तिच्यात चढली असं होत नाही. ती शेजारच्या अक्कलकोटच्या गाडीतही गेलेली असू शकते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ब्लूटूथ हेडफोनच्या नावाखाली ‘कनेक्टेड’ असं दिसतं, तेव्हा गाडी फलाटाला लागली आहे एवढंच कळतं. आवाज त्या गाडीत चढलाय का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पडद्याच्या त्या कोपऱ्यात मिळत नाही.

हे लक्षात न आल्यामुळे बहुतेक जण पहिल्याच फटक्यात हेडफोन ‘रिमूव्ह’ करतात, पुन्हा जोडतात, मग ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर) उडवतात, मग कुणीतरी विंडोज नव्याने टाकायचा सल्ला देतं. अकराची ऑनलाइन मुलाखत असते आणि पावणेअकराला माणूस ड्रायव्हर शोधत बसलेला असतो. आवाज नेमका कुठं थांबला हे आधी शोधलं तर यातलं बरंचसं काम करावंच लागत नाही.

खाली जे दिलंय ते मुख्यतः विंडोज ११ साठी आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी अनेक घरांत, दुकानांत आणि कारखान्यांच्या ऑफिसांत तेच चालू आहे. म्हणून जिथं फरक पडतो तिथं त्याचंही सांगितलंय.

आधी नाचणारी पट्टी बघा

यूट्यूबवर काहीही लावा आणि चालू ठेवा. आता कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकदम दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत एम-एम-एस-वाय-एस, मग टिंब, मग सी-पी-एल असं सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर मारा. आवाजाची जुनी खिडकी उघडते. नवीन सेटिंग्जपेक्षा दिसायला साधी आहे, पण दोष शोधायला हीच बरी.

‘प्लेबॅक’ या पहिल्या टॅबमध्ये आवाज बाहेर काढू शकणाऱ्या सगळ्या वस्तूंची यादी असते: लॅपटॉपचे स्पीकर, एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर, ब्लूटूथ हेडफोन. प्रत्येकाच्या उजव्या बाजूला आडव्या रेघांची एक उभी पट्टी दिसेल. ज्या वस्तूकडे आवाज जातोय तिची पट्टी खालून वर रंगते आणि गाण्याबरोबर नाचते. यादीत एकाच वस्तूवर हिरव्या गोलातली बरोबरची खूण असते. ती विंडोजने सध्या निवडलेली वस्तू.

आता तीनच शक्यता उरतात. एकही पट्टी हलत नसेल, तर आवाज प्रोग्रॅममधूनच बाहेर पडलेला नाही. हेडफोनचा आणि ब्लूटूथचा काहीही संबंध नाही. पट्टी हलतेय पण दुसऱ्याच वस्तूसमोर, तर पिशवी अक्कलकोटच्या गाडीत आहे. आणि हेडफोनसमोरची पट्टी व्यवस्थित नाचतेय, तरी कानात शांतता, तर कॉम्प्युटरने स्वतःचं काम केलंय. दोष त्याच्या पुढे आहे: रेडिओच्या जोडणीत किंवा हेडफोनमध्ये.

हेडफोन या यादीत दिसतच नसेल, तर रिकाम्या जागी उजवी क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हायसेस’ला खूण करा. कधीतरी कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असतो. करड्या रंगात उमटला तर त्याच्यावर उजवी क्लिक करून ‘एनेबल’.

दुसऱ्याच गाडीत चढलेला आवाज

हा सगळ्यात जास्त भेटणारा आणि सगळ्यात सोपा दोष. विंडोज ११ मध्ये घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा. आवाजाच्या आडव्या पट्टीच्या उजवीकडे एक छोटं चिन्ह आहे. ते दाबलं की वस्तूंची यादी येते, तिच्यातून हेडफोन निवडा. विंडोज, कंट्रोल आणि ‘व्ही’ ही तीन बटणं एकदम दाबली तरी नव्या आवृत्त्यांत थेट हीच जागा उघडते.

निवड चुकते कशी? लॅपटॉपला एचडीएमआय केबलने मोठा मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज बऱ्याचदा त्यालाच आवाजाची वस्तू मानतं. मॉनिटरला स्पीकर नसला तरीसुद्धा. मग आवाज मॉनिटरकडे जातो आणि तिथंच मुरतो. गेम खेळणाऱ्यांनी किंवा रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी टाकलेल्या आभासी साउंड कार्डांचीही हीच गत होते.

त्याच जागी खाली प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा ठेवायची सोय आहे, आणि सेटिंग्जमधल्या ‘व्हॉल्यूम मिक्सर’च्या पानावर प्रत्येकाला वेगळी वस्तूही नेमून देता येते. इथं एक गंमत होते. कधीतरी कुणीतरी क्रोमला ‘स्पीकर’ असं नेमून दिलेलं असतं आणि विंडोज ते विसरत नाही. बाकी सगळा आवाज हेडफोनमध्ये आणि फक्त ब्राउझरचा स्पीकरमधून येत असेल, तर त्या पानावर बघा. तिथंच तळाशी ‘रीसेट’चं बटण आहे, त्याने या सगळ्या नेमणुका एकदम पुसल्या जातात.

एकही पट्टी हलत नसेल तर प्रोग्रॅमकडे वळा. क्रोममध्ये टॅबवर उजवी क्लिक केली की ‘अनम्यूट साइट’ असं दिसतं का? म्हणजे ती साइट गप्प केलेली आहे. मीट, झूम, टीम्स या तिघांनाही स्पीकरची स्वतःची वेगळी निवड असते, आणि ती विंडोजच्या निवडीला जुमानत नाही. त्यांच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये चाचणीचा आवाज वाजवायचं बटण आहे. मुलाखतीच्या दहा मिनिटं आधी ते दाबायचं, मुलाखत सुरू झाल्यावर नव्हे.

आवाजाची पातळी हाही वेगळा मामला आहे. विंडोजचा आवाज शंभरवर आहे, पण हेडफोनची स्वतःची पातळी शून्यावर असू शकते. काही जोड्यांत दोन्ही एकमेकांशी बांधलेल्या असतात, काहींत नसतात. हेडफोनवरचं अधिकचं बटण पाच-सहा वेळा दाबून बघायला काही लागत नाही.

माइक उघडला की कान बंद

आता खरा गोंधळ. गाणी ऐकताना हेडफोन झकास चालतो, पण मीटमध्ये शिरलं की आवाज गायब होतो, किंवा जुन्या ट्रंक कॉलसारखा डब्यातून आल्यागत येतो. हेडफोन बिघडलेला नाही. ब्लूटूथची रचनाच तशी आहे.

ब्लूटूथ हेडफोन दोन वेगवेगळ्या पद्धतींनी काम करतो. या पद्धतींना प्रोफाइल म्हणतात. पहिलं प्रोफाइल ए-टू-डी-पी, गाणी ऐकण्यासाठी. आवाज फक्त एका दिशेनं जातो, कॉम्प्युटरकडून कानाकडे, पण चांगला जातो, डावा-उजवा वेगळा. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथची नेहमीची एसबीसी पद्धत तो दाबून साधारण ३२८ किलोबिटांपर्यंत आणते, आणि घरगुती कानाला फारसा फरक कळत नाही.

दुसरं प्रोफाइल एच-एफ-पी, म्हणजे हँड्स-फ्री. हे मुळात फोनवर बोलण्यासाठी केलेलं. इथं आवाज दोन्ही दिशांना जायला हवा, आणि त्यासाठी एका दिशेला सेकंदाला ६४ किलोबिटांची चिंचोळी वाट मिळते. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, नव्या एमएसबीसी पद्धतीत १६,०००. गाण्यांसाठी हाच आकडा ४४,१०० असतो. म्हणून हँड्स-फ्रीमध्ये झांजा-टाळ ऐकूच येत नाहीत आणि माणसाचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. डावा-उजवा भेदही जातो.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये या दोन पद्धती एका वेळी चालत नाहीत. ज्या क्षणी कुठलाही प्रोग्रॅम हेडफोनचा माइक उघडतो, त्या क्षणी हेडफोन गाण्याची वाट सोडून फोनच्या वाटेवर जातो.

विंडोज १० मध्ये हे उघड दिसतं, कारण एकाच हेडफोनची यादीत दोन नावं असतात. एकापुढे ‘स्टिरिओ’, दुसऱ्यापुढे ‘हँड्स-फ्री एजी ऑडिओ’. आणि नेमकी इथंच गफलत होते. मीटमध्ये माइक म्हणून हँड्स-फ्री निवडला आणि स्पीकर म्हणून स्टिरिओ निवडला, तर माइक उघडताच स्टिरिओची वाट बंद पडते. निवड तर बरोबर दिसते आणि कानात शांतता. दोन्हीकडे एकच नाव हवं. माइक हँड्स-फ्री तर स्पीकरही हँड्स-फ्री. नाहीतर माइक लॅपटॉपचा घ्या आणि स्पीकर स्टिरिओ ठेवा.

विंडोज ११ ने ही दोन नावं एकत्र करून एकच दाखवायला सुरुवात केली. आवाज पूर्ण जात नाही, पण पडद्यामागे बदल तोच होतो, म्हणून दर्जा घसरतो. आणि कधीकधी तो बदल अर्ध्यावर अडकतो. माइक बंद झाल्यावरही हेडफोन फोनच्या वाटेवरच बसून राहतो. अशा वेळी हेडफोन बंद करून पुन्हा चालू करणं हाच जलद उपाय.

माइक कोण धरून बसलंय हे कसं कळणार? विंडोज ११ मध्ये माइक वापरात असला की घड्याळाजवळ माइकचं छोटं चित्र उमटतं. त्याच्यावर माऊस नेला की प्रोग्रॅमचं नाव दिसतं. बहुतेक वेळा सापडतं ते असं: सकाळच्या ऑनलाइन तासाचं मीटचं टॅब उघडंच राहिलंय, किंवा गेममधलं बोलण्याचं सॉफ्टवेअर मागे चालू आहे. ते बंद केलं की गाणी पुन्हा सुधारतात.

मग वापरायचं काय? तास ऐकायचा असेल, बोलायचं फारसं नसेल, तर माइक लॅपटॉपचा आणि कानात स्टिरिओ. मुलाखत असेल तर उलट विचार करा. मे महिन्यात पंखा पाचवर असतो आणि लॅपटॉपचा माइक त्याची घरघर आधी पकडतो, तुमचा आवाज नंतर. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमागाचा कारखाना असेल तर बोलायलाच नको. तिथं हेडफोनचा माइक तोंडाजवळ असल्यामुळे बरा पडतो. तुमच्या कानात आवाज डब्यातून येईल, पण मुलाखत घेणाऱ्याला तुमचं बोलणं कळेल, आणि नोकरी देणार आहे तो. (मागाच्या खडखडाटाने ब्लूटूथ तुटतं असा एक समज आहे. तसं नाही. खडखडाट हवेतून जातो, ब्लूटूथ रेडिओ लहरींवर चालतं.)

ज्यांना हेडफोनचा माइक कधीच लागत नाही, त्यांनी हँड्स-फ्री कायमचं बंद करावं. विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेल, मग ‘डिव्हायसेस अँड प्रिंटर्स’, तिथं हेडफोनवर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, आणि ‘सर्व्हिसेस’ टॅब. तिथल्या ‘हँड्स-फ्री टेलिफोनी’ची खूण काढा. विंडोज ११ च्या अनेक आवृत्त्यांत ब्लूटूथच्या सेटिंग्जमधून ‘मोअर डिव्हायसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज’ने याच जागी जाता येतं. एक सांभाळा. त्याच यादीत ‘ऑडिओ सिंक’ आहे. तिची खूण चुकून गेली तर हेडफोन कनेक्टेड राहील आणि गाण्याचा एक सूरही येणार नाही. कुणीतरी ‘उपाय’ करून गेलेल्या कॉम्प्युटरवर हे हमखास बघावं.

या दुखण्यावरचा मुळातला इलाज म्हणजे ब्लूटूथ ५.२ बरोबर आलेला एलई ऑडिओ. त्यात एलसी-३ ही नवी पद्धत वापरतात आणि माइक चालू असतानाही आवाज चांगला राहू शकतो. पण हेडफोन, लॅपटॉपमधलं ब्लूटूथ, त्याचा ड्रायव्हर आणि विंडोज ११, या सगळ्यांनाच तो जमायला हवा. दुकानात खोक्यावर ५.३ लिहिलेलं असतं, त्यावरून एलई ऑडिओ आहे असं धरू नका. ती ऐच्छिक सोय आहे. खोक्यावर ‘एलई ऑडिओ’ असे शब्दच शोधा.

जाता जाता, त्या जुन्या आवाजाच्या खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा शेवटचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असं तिथं आधीपासून ठरवलेलं असतं. मीट चालू असताना व्हिडिओचा आवाज एकदम बसतो तो यामुळे. ‘डू नथिंग’ निवडा.

लाइट गेली, आली, आणि हेडफोन फोनला चिकटला

डेस्कटॉपवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. काम चालू असताना लाइट जाते, कॉम्प्युटर बंद पडतो. हेडफोनची बॅटरी स्वतःची, तो चालूच. तुम्ही फोनवर काहीतरी ऐकायला लागता आणि हेडफोन फोनला जोडला जातो. लाइट आल्यावर कॉम्प्युटर उठतो, पण हेडफोन आता फोनचा झालेला असतो. पडद्यावर ‘कनेक्टेड’ नव्हे, ‘पेअर्ड’ एवढंच दिसतं. या दोन शब्दांत फरक आहे. पेअर्ड म्हणजे ओळख आहे. कनेक्टेड म्हणजे आत्ता बोलणं चालू आहे. फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि कॉम्प्युटरवर हेडफोनच्या नावाशेजारचं ‘कनेक्ट’ दाबा.

मल्टिपॉइंट असलेले हेडफोन एका वेळी दोन यंत्रांना जोडलेले राहतात. तिथं प्रकार आणखी फसवा. दोन्हीकडे ‘कनेक्टेड’ दिसतं, पण आवाज एका वेळी एकाचाच येतो, आणि फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ आपोआप वाजायला लागला तरी कॉम्प्युटरचा आवाज कापला जातो. दोष शोधत असताना आसपासच्या सगळ्या फोन-टॅबचं ब्लूटूथ बंद ठेवा, धाकट्या भावाच्या टॅबसकट. नाहीतर भुताटकीचा पाठलाग करत बसाल.

ओळख पुसून नव्याने जोडणं

पट्टी नाचते, फोन दूर आहे, तरी आवाज नाही. आता पेअरिंग नव्याने करायला हरकत नाही, पण ते अर्धवट करू नका. पेअरिंगच्या वेळी दोन्ही यंत्रं एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्या स्मरणात ठेवतात. एकाच बाजूची किल्ली पुसली की दोघांचं जुळत नाही.

म्हणून सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये जाऊन हेडफोनच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांतून ‘रिमूव्ह डिव्हाइस’ करा. हेडफोनही त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे रीसेट करा. प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी, बहुतेकांत एखादं बटण काही सेकंद दाबून ठेवावं लागतं. मग कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको. विंडोजमधल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केल्यावर यंत्रणेचा गाभा जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हर पुन्हा अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. दिसायला उलटं वाटतं, पण आहे तसं.

जोडताना यादीत एकाच हेडफोनची दोन नावं दिसू शकतात, त्यातल्या एकाच्या सुरुवातीला ‘एलई’ असतं. सहसा ते कंपनीच्या अ‍ॅपशी बोलण्यासाठी असतं. हेडफोनचं चित्र असलेलं दुसरं नाव निवडा. यादीत नावच येत नसेल तर त्याच सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी’ असेल ते ‘डिफॉल्ट’वरून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करा.

सर्व्हिस आणि ड्रायव्हर

विंडोज आणि ‘आर’ दाबून ‘सर्व्हिसेस’ हा इंग्रजी शब्द, टिंब, एम-एस-सी असं टाइप केलं की मागे चालणाऱ्या कामांची यादी उघडते. त्यात ‘विंडोज ऑडिओ’, ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’, ‘ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस’ आणि ‘ब्लूटूथ ऑडिओ गेटवे सर्व्हिस’ शोधा. पहिल्या तिन्ही चालू हव्यात. चौथी हँड्स-फ्रीसाठी आहे, माइक लागत असेल तर तीही. ‘विंडोज ऑडिओ’वर उजवी क्लिक करून ‘रीस्टार्ट’ केलं तर पुष्कळदा पूर्ण कॉम्प्युटर रीस्टार्ट न करताच काम भागतं.

ड्रायव्हरसाठी स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ब्लूटूथच्या शीर्षकाखाली पिवळा त्रिकोण दिसला तर गडबड तिथं आहे. विंडोजच्या अपडेटनंतरच दुखणं सुरू झालं असेल तर त्या शीर्षकाखालच्या अ‍ॅडॅप्टरच्या (म्हणजे कॉम्प्युटरमधल्या ब्लूटूथच्या भागाच्या) ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते करडं असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून, मागच्या बाजूचा सिरियल नंबर टाकून, ब्लूटूथचा आणि साउंडचा असे दोन्ही ड्रायव्हर घ्या. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत ब्लूटूथचा आवाज साउंडच्या चिपमधून फिरून जातो, म्हणून एकट्या ब्लूटूथचा ड्रायव्हर बदलून भागत नाही. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. ते एक दुखणं घालवून दोन देतात.

थोडा वेळ चालून मग आवाज जात असेल, तर अ‍ॅडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करू देणारी खूण काढा. हा टॅब प्रत्येक लॅपटॉपवर असतोच असं नाही. आणि ब्लूटूथच संपूर्ण गायब झालं असेल, तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा.

लहरी अडतात कुठं

शांतता नव्हे, तुटक आवाज येत असेल तर गोष्ट रेडिओची आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. गाण्यांसाठीचं ब्लूटूथ तिथल्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत, गर्दी चुकवत जातं. पण त्याच पट्ट्यात वायफाय आहे, मायक्रोवेव्ह आहे. राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर लॅपटॉप त्याच्यावर जोडा. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच कार्डावर असतात, त्यामुळे फरक लगेच जाणवतो.

यूएसबी ३ ची जागा हा कमी ओळखीचा चोर. तिथं पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क चालू असली की तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. डेस्कटॉपला ब्लूटूथचा छोटा डोंगल (यूएसबीत खोचायचा तुकडा) लावला असेल तर तो निळ्या यूएसबी जागेपासून दूर लावा, किंवा हातभर एक्स्टेंशन वायर घेऊन टेबलावर आणा. मागे लावलेला डोंगल पत्र्याच्या कॅबिनेटच्या सावलीत असतो, आणि पत्रा रेडिओ लहरी अडवतो. लोखंडी कपाट आणि जुन्या पेठांतल्या हातभर जाडीच्या दगडी भिंतीही त्याच जातीच्या.

मदरबोर्डलाच ब्लूटूथ असेल तर मागे दोन पितळी आट्यांवर अँटेना बसवायची असते. ती खोक्यातच राहून जाते. वायफाय लागत नाही म्हणून कुणी बसवत नाही, आणि मग ब्लूटूथ दोन हातांवरही अडखळतं. अँटेना शोधा आणि पिळून बसवा.

एकाच कानात आवाज

दोन सुट्या बड्सपैकी एक गप्प असेल तर सेटिंग्जमध्ये शोधण्याआधी भिंग घ्या. बडच्या पोटाशी दोन-तीन सोनेरी ठिपके असतात, त्यांच्यावरून चार्जिंग होतं. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात वापरणाऱ्यांच्या चार्जिंगच्या डबीत सुताचे बारीक तंतू साठतात, घामाने चिकटतात, आणि ठिपका डबीच्या पिनेला टेकतच नाही. बड डबीत बसलेला दिसतो, पण रात्रभर उपाशी असतो. कोरड्या मऊ ब्रशने पिना झाडा, ठिपके सुक्या कापडाने पुसा. जाळीवर कानातला मळ असेल तर जाळी खाली धरून झाडायचं, टाचणीने टोचायचं नाही.

ऊनही बघा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून तशी काळजी घेणारं यंत्र चार्जिंग थांबवतं. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच चाळिशी पार होते, उन्हातल्या गाडीच्या डिकीत किती होत असेल याचा अंदाज करा. डबी बाहेर काढून खोलीत थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा.

लिनक्स असेल तर साउंडच्या सेटिंग्जमध्ये हेडफोनचं प्रोफाइल निवडता येतं. ‘ए-टू-डी-पी’ लिहिलेलं निवडा, हँड्स-फ्रीवर अडकलेलं नसावं. मॅकवर कंट्रोल सेंटरमधल्या साउंडमध्ये हेडफोन निवडा. माइकचा नियम तिथंही तोच आहे, म्हणून इनपुट मॅकचा स्वतःचा माइक ठेवला की आवाज सुधारतो.

दुकानात नेण्याआधी

हेडफोन फोनला जोडून बघा आणि कॉम्प्युटरला दुसऱ्या कुणाचा हेडफोन जोडून बघा. या दोन चाचण्यांत दोषी कोण ते ठरतं. फोनवरही आवाज नसेल तर कॉम्प्युटर नेण्यात अर्थ नाही, हेडफोन आणि बिल न्या, आणि वॉरंटी असेल तर उघडू देऊ नका. दुसरा हेडफोनही कॉम्प्युटरवर चालत नसेल, तर आतलं ब्लूटूथ दुरुस्त करत बसण्यापेक्षा सोलापूरच्या नवी पेठेत काही शे रुपयांत मिळणारा यूएसबी डोंगल स्वस्त पडतो. फक्त तो लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या अ‍ॅडॅप्टरवर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’ करा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ सांभाळतं, दोन असली की डोंगल नवा असूनही हेडफोन जुन्यालाच जोडलेला राहतो.